जात्यात काय वैरायचं

प्रिय मावशी,

मी वसईचा. वय २६. रोज लोकलने मुंबईला नोकरीला जातो. दोन वर्षांपूर्वी एका रिट्रीटमध्ये इजिप्तच्या वाळवंटातल्या जुन्या संन्याशांविषयी ऐकलं आणि मला वेडच लागलं. तेव्हापासून बुधवारी-शुक्रवारी कडक उपास, पहाटे चारला उठून प्रार्थना. मोबाइलवरची करमणूक काढून टाकली. वजन नऊ किलो उतरलं. मनात आलेल्या प्रत्येक अशुद्ध विचाराची एका वहीत खूण करतो. आधी दिवसाला दहा-बारा खुणा व्हायच्या, आता चाळिसाच्या वर जातात. आठवड्यातून तीन-तीनदा कन्फेशनला जातो. मागच्या महिन्यात एक फादर वैतागून म्हणाले, ‘तुझ्यासारख्याने देवाचं नाव तरी कशाला घ्यावं?’ घरात टीव्ही, पाहुणे, सतत आवाज. नोकरी सोडून कुठेतरी एकांतात निघून जावंसं वाटतं. माझं मन शुद्ध कधी होणार?

ता. क. चार दिवसांपूर्वी धाकट्या बहिणीने त्या वहीच्या मागच्या पानावर वाणसामानाची यादी लिहिली. मी तिला नको नको ते बोललो. ती अजून बोलत नाही.

*

बाळा,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. ताजा कलम म्हणून तू जे तळाला ढकललंस, तिथेच तुझं खरं पत्र आहे असं मला वाटतं. म्हणून सुरुवात त्या वहीपासून करते.

चौथ्या शतकाच्या अखेरीस जॉन कॅसियन, ज्याने पुढे या वाळवंटातल्या म्हाताऱ्यांची बोलणी लिहून ठेवली, आणि त्याचा मित्र जर्मानुस बेथलेहेमचा मठ सोडून इजिप्तला गेले. तेव्हा ते तुझ्याच वयाच्या आसपास होते. स्केटिस नावाच्या वाळवंटात, म्हणजे आजच्या वादी नात्रूनमध्ये, ते अब्बा (म्हणजे बाबा) मोशे नावाच्या वृद्ध संन्याशासमोर जाऊन बसले. म्हाताऱ्याने विचारलं, ‘घरदार, आईवडील सोडून, इतकी उपासमार सोसून तुम्ही आलात ते कशासाठी?’ दोघे म्हणाले, ‘देवाच्या राज्यासाठी.’ मोशे म्हणाले, ‘ते शेवटचं झालं. पण तिथे पोहोचायला आज नजर कशावर ठेवता?’ दोघांना उत्तर देता येईना. मग त्यांनी शेतकऱ्याचं उदाहरण दिलं. धान्याने भरलेली कणगी हे त्याच्या कष्टाचं शेवटचं फळ. पण उन्हातान्हात नांगर धरताना, ढेकळं फोडताना, तण उपटताना त्याच्या डोळ्यांपुढे असतं ते स्वच्छ केलेलं रान. संन्याशाचं तसं रान म्हणजे शुद्ध अंतःकरण. ‘जे अंतःकरणाचे शुद्ध ते धन्य, कारण ते देवाला पाहतील’ हे डोंगरावरच्या प्रवचनातलं वचन तुला पाठ असेलच.

पुढे मोशे जे सांगतात ते मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बसले होते. काही जण सोनं-नाणं, मोठमोठ्या जमिनी सोडून वाळवंटात येतात, आणि तिथे एका चाकूवरून, सुईवरून, बोरूवरून त्यांचं डोकं भडकतं. कुणी आपल्या पोथीला हात लावू नये म्हणून पोथी कवटाळून बसणारेही असतात. ज्यांनी एवढं थोरलं टाकलं, त्यांना एवढंसं का सुटत नाही? मोशे इथे पौलाच्या करिंथकरांस पत्रातला प्रीतीचा अध्याय समोर ठेवतात. सगळं धन वाटून टाकलं, शरीर जाळायला दिलं, पण प्रीती नसली तर काही लाभ नाही. शुद्ध अंतःकरणाची त्यांची व्याख्या हीच आहे, प्रीती. मत्सर नाही, फुशारकी नाही, राग नाही. उपास, जागरण, वाचन, एकांत ही त्यांच्या लेखी अवजारं. कुदळ कितीही धारदार असली तरी कणगी कुदळींनी भरत नाही.

त्याच बैठकीत ते आणखी एक रोकडा हिशोब मांडतात. कुणी अडथळा आणला म्हणून ठरवलेलं वाचन किंवा उपास राहून गेला आणि तुम्ही त्या माणसावर संतापलात, तर उपासाने जे मिळवलं असतं त्यापेक्षा रागाने गमावलं ते जास्त. तुझ्या बहिणीने वहीत साखर, तेल, डाळ लिहिलं तेव्हा तू कोणत्या बाजूला होतास ते तुला कळलंय. नाहीतर तू ताजा कलम लिहिलाच नसतास.

वही ठेवणं चूक, असं मी म्हणणार नाही. त्याच वाळवंटातल्या आद्य संन्याशांपैकी एक, थोरल्या अंतोनीचं चरित्र अथानासियसने लिहिलं आहे, त्यात अंतोनी आपल्या शिष्यांना हेच सांगतात: आपली कृत्यं, मनातल्या हालचाली लिहून काढा, जणू दुसऱ्याला दाखवायच्या आहेत. पण त्यात मोजदाद नव्हती. आज बारा, उद्या चाळीस असा आकडा लिहिला की माणूस मन पाहायचं सोडून आकडा पाहू लागतो. माझे यजमान गेले त्या वर्षी मी दिवसाला किती रोझरी झाल्या ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहीत असे. एका दुपारी शेजारची बाई दार वाजवत राहिली आणि मी पाचवी पुरी व्हायची म्हणून उठले नाही. तिच्या मुलाला ताप भरला होता आणि तिला रिक्षा मिळवून देणारं कुणी हवं होतं. ते कॅलेंडर मी नंतर काढून टाकलं, पण ती दुपार अजून जात नाही.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. मन कधी शुद्ध होणार, असं तू विचारतोस तेव्हा तुला म्हणायचंय, वाईट विचार यायचे कधी थांबणार. ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाळवंटातल्या लोकांना त्या वेगळ्या आहेत हे चांगलं ठाऊक होतं.

धर्मशिक्षणाच्या वर्गात तू सात मुख्य पापं पाठ केली असशील. त्या यादीचं मूळ एवाग्रिअस नावाच्या माणसाकडे जातं. काळ्या समुद्राकाठच्या पोंतसचा हा विद्वान कॉन्स्टँटिनोपलमध्ये नाव कमावत असताना एका विवाहित स्त्रीच्या प्रेमात अडकला. तिथून तो पळाला तो जेरुसलेमला. तिथे आजारी पडला. मेलानिया या साध्वीने त्याला सावरलं आणि अखेर तो इजिप्तला पोहोचला. नित्रिया आणि केल्लिया या तिथल्या संन्याशांच्या वस्त्यांत सुमारे सोळा वर्षं काढून ३९९ मध्ये तो वारला. त्याची यादी आठांची होती: खादाडपणा, कामवासना, पैशाचा लोभ, खिन्नता, राग, अकेदिया म्हणजे जीव उबगणं, लौकिकाची हाव आणि गर्व. आपल्या षड्रिपूंशी ती ताडून पाहा. काम, क्रोध, लोभ दोन्हीकडे आहेत. मत्सर त्याच्याकडे नाही, पण उदासी आणि कंटाळा आहेत, आणि एकट्या राहणाऱ्या माणसाला हेच दोन जास्त छळतात. एवाग्रिअस या आठांना पापं म्हणत नाही. त्याचा ग्रीक शब्द आहे लोगिस्मोई, म्हणजे विचार. तो स्वच्छ सांगतो की हे विचार मनाला त्रास देतील की नाही हे आपल्या हाती नाही. ते रेंगाळतील की नाही, विकार चेतवतील की नाही, हे आपल्या हाती आहे. पुढे सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरीने ही यादी नव्याने बांधून सातांवर आणली, आणि शतकं उलटता उलटता आपल्या तोंडी ती पापांची यादी झाली. तू वहीत ज्यांची पापं म्हणून खूण करतोस त्यांतले बहुतेक, एवाग्रिअसच्या भाषेत, दारावर आलेले पाहुणे आहेत. दार वाजलं म्हणजे तू त्यांना पाटावर बसवलंस असं होत नाही.

जर्मानुसनेही मोशेंना असंच विचारलं होतं. नको असताना विचार घुसतात, कळायच्या आत मन भरकटतं, मग करायचं काय? मोशेंनी जात्याचा दृष्टांत दिला. पाण्याच्या जोरावर फिरणारं जातं असतं ना, छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीत आपण पाहतो तसं. पाणी वाहतंय तोवर ते थांबत नाही, फिरतच राहणार. पण त्यात गहू वैरायचा, जव वैरायचे की विषारी तणाचं बी, हे जात्याच्या मालकाच्या हातात आहे. मन तसंच. आयुष्याचा लोंढा ते फिरवत ठेवणार. तू दोन वर्षं जातं थांबवायला धडपडतोयस, आणि ते थांबत नाही म्हणून स्वतःला मारतोयस. रिकामं जातं तर दगडावर दगड घासतं. तू करमणूक काढून टाकलीस, बरं केलंस. पण त्या जागी काय वैरलंस? पत्रावरून दिसतं की खुणा.

वाळवंटातल्याच अब्बा पोइमेनकडे एक संन्यासी भाऊ असाच घाबरून आला. म्हणाला, इतके विचार येतात, माझं काही खरं नाही. पोइमेनने त्याला उघड्यावर नेलं. म्हणाला, ‘झग्याचा ओचा पसर आणि वारा धरून ठेव.’ ‘ते कसं जमेल?’ ‘ते जमत नसेल तर विचारांना येण्यापासून रोखणंही जमणार नाही. तू त्यांना विरोध करायचा, तेवढं तुझं काम.’ अम्मा सारा या स्त्री-संन्यासिनीविषयी सांगतात की कामवासनेशी तिचा झगडा तेरा वर्षं चालला, पण ही लढाई संपू दे अशी प्रार्थना तिने कधी केली नाही. ती एवढंच म्हणे, देवा, बळ दे. आणि बुटका योहान! त्याने प्रार्थना केली, विकार खरोखर शमले, आणि तो एका वडीलधाऱ्याला आनंदाने सांगायला गेला की आता माझ्यात कसलीच खळबळ नाही. म्हातारा म्हणाला, ‘जा, देवाकडे ती खळबळ परत माग. जीव तिच्यामुळेच पुढे जातो.’ योहानाने ऐकलं. पुढे तो लढाई थांबव असं मागेना, सोसायची ताकद मागू लागला.

खुणा दहावरून चाळिसावर गेल्या याचा अर्थ तू चौपट बिघडलास, असं मला वाटत नाही. पहारा वाढला म्हणून चोर जास्त दिसू लागले, हे एक. दुसरं असं की ज्याला येऊ नको म्हणून डोळे वटारून बसावं तोच विचार हटकून येतो.

त्या फादरांच्या बोलण्याने तुला किती लागलं असेल ते मला कळतं. यावर मी माझं मत द्यायच्या ऐवजी कॅसियननेच नोंदवलेली गोष्ट सांगते. एक तरुण संन्यासी कामवासनेने गांजून एका म्हाताऱ्याकडे गेला आणि सगळं मोकळेपणाने सांगितलं. म्हाताऱ्याने त्याला झोडपलं: असले विचार येणारा संन्यासी म्हणवून घ्यायलाही लायक नाही. पोराची आशाच खचली. आता लग्न करून संसार थाटावा म्हणून तो गावाकडे निघाला. वाटेत अब्बा अपोल्लो भेटले. चेहरा पाहून त्यांनी खोदून खोदून विचारलं. मग म्हणाले, ‘अरे, या वयात मलाही रोज हेच छळतं. घाबरू नकोस. आजचा एक दिवस कोठडीत परत जा.’ तो परतला. अपोल्लो मात्र थेट त्या म्हाताऱ्याच्या कोठडीबाहेर जाऊन उभे राहिले आणि त्यांनी प्रार्थना केली की त्या पोराची पीडा याला कळू दे. थोड्याच वेळात म्हातारा वेड्यासारखा आत-बाहेर धावू लागला आणि शेवटी त्याच गावाच्या वाटेला लागला. अपोल्लोंनी त्याला अडवलं, परत पाठवलं आणि बजावलं की खचलेल्याला कठोर शब्दाने मोडायचं नसतं. चेपलेला बोरू तो मोडणार नाही, मिणमिणती वात तो विझवणार नाही, असं शास्त्रवचन आहे.

कॅसियनने त्या म्हाताऱ्याचं नाव दिलेलं नाही, हे मला आवडतं. तूही त्या फादरांचं नाव कुणापुढे घेऊ नकोस. पण या गोष्टीच्या आधाराने मोशे काय शिकवतात ते ऐक: विचार कुणाला तरी सांगावेतच, पण नुसते पिकलेले केस पाहून माणूस निवडू नये. तुला दुसरे धर्मगुरू शोधायची पूर्ण मोकळीक आहे. एकच शोध, शांत स्वभावाचा, आणि त्याच्याकडेच जात राहा. आठवड्यातून तीनदा वेगवेगळ्या दारांवर जाऊन तेच ते सांगणं थांबव. तो म्हणेल ‘आता महिन्याने ये’, तर महिन्यानेच जा.

इथे एक गोष्ट स्पष्टच सांगायला हवी. कन्फेशन करूनही सुटल्यासारखं वाटत नाही, लगेच पुन्हा जावंसं वाटतं, मोजणं थांबवताच येत नाही, या अवस्थेला चर्चमध्ये जुनं नाव आहे, स्क्रुपल्स. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ टोकदार बारीक खडा, चपलेत शिरतो तसा. जेसुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोलासुद्धा १५२२ च्या सुमारास मानरेसा गावी याच खड्याने इतका हैराण झाला की सुटका मिळावी म्हणून आठवडाभर अन्नाला शिवला नाही. तेव्हा त्याच्या कन्फेसरने त्याला आज्ञा केली, आधी जेव. आजकाल यातलं बरंचसं डॉक्टरांना ओळखता येतं आणि त्यावर उपचार होतात. मानसोपचारतज्ज्ञाकडे गेल्याने तुझी श्रद्धा कमी ठरत नाही. नऊ किलो वजन उतरलंय त्यासाठी तर साध्या फॅमिली डॉक्टरकडे या आठवड्यातच जा.

उपासाबद्दल वाळवंटातले लोक तुला वाटतात त्याहून खूप मवाळ होते. मोशेंच्या बोलण्यात ठरलेलं माप येतं: दिवसाला दोन वाळलेल्या भाकऱ्या, दोन्ही मिळून जेमतेम एक रोमन पौंड, म्हणजे आपले सव्वातीनशे ग्रॅम. ते रोज खायचं. चार दिवस कोरडे काढून पाचव्या दिवशी हादडायचं, हे त्यांना पसंत नव्हतं. अति उपास आणि अति खाणं ही दोन्ही टोकं एकाच ठिकाणी जाऊन मिळतात, असं ते म्हणत. आणि पाहुणा आला की? कॅसियन आणि जर्मानुस जातील तिथे म्हातारे आपला उपास मोडून त्यांच्याबरोबर जेवायला बसत. याचं नवल वाटून त्यांनी एकाला विचारलं. तो म्हणाला, ‘उपास माझ्याजवळ कायमचाच आहे, तुम्ही मात्र थोड्या वेळाने जाल.’ दुसऱ्या एकाने तर त्या दिवशी आलेल्यांसाठी सहाव्यांदा पान मांडलं होतं, प्रत्येकाबरोबर थोडं थोडं खाल्लं होतं, आणि तरी तो भुकेलाच होता. शुक्रवारी घरी मावशी-काका आले तर त्यांच्याबरोबर चहा-बिस्किट घे. तो उपासाचाच भाग आहे.

राहिला निघून जाण्याचा विचार. एवाग्रिअसने अकेदियाचं जे वर्णन केलंय त्यात तुझं पत्र मला शब्दाशब्दाला आठवत होतं. संन्यासी कोठडीत बसलाय. सूर्य हलतच नाही, दिवस पन्नास तासांचा वाटतो. तो सारखा खिडकीकडे पाहतो. जेवणाची वेळ, म्हणजे दुपारचे तीन, व्हायला किती अवकाश आहे ते बघायला बाहेर येतो. मग त्याला ही जागाच नकोशी होते, हातातलं काम नकोसं होतं. इथे कुणाला कुणाची माया उरली नाही, असं वाटू लागतं. दुसरीकडे गेलो तर सगळं सोपं होईल, देव काय, कुठेही भेटतो! हा विचार ऐकायला धार्मिक वाटतो, म्हणून तो जास्त फसवतो.

एका भावाला मठात सारखा राग यायचा. दोष इतरांचा, म्हणून तो एकटा राहायला गेला. पाण्याचं मडकं भरून ठेवलं, ते कलंडलं. पुन्हा भरलं, पुन्हा कलंडलं. तिसऱ्यांदा कलंडल्यावर त्याने ते आपटून फोडलं. मग खापऱ्यांकडे बघत बसला तेव्हा त्याला उमगलं की इथे दुसरं कुणीच नाही आणि राग मात्र आलाय. तो मठात परतला. अम्मा सिंक्लेटिका म्हणायची की डोंगरात राहून शहरातल्यासारखं वागणारे पुष्कळ असतात, आणि गर्दीत राहूनही मनाने एकांतात राहता येतं. विरारच्या लोकलमध्ये दाराशी उभं राहून ते कसं करायचं, हे तुला माझ्यापेक्षा जास्त कळेल. कदाचित पुढे तुला खरंच संन्यासाचं पाचारण असेल, मी नाही म्हणत नाही. पण बहिणीशी अबोला असताना ते ठरवू नकोस.

करायचं काय, ते थोडक्यात. पहाटे चारऐवजी साडेपाचला ऊठ, झोप पुरी होऊ दे. खुणा बंद. विचार आला की त्याच्याशी वाद घालू नको, एक छोटं वाक्य हाताशी ठेव. कॅसियनला अब्बा इसहाकांनी स्तोत्रसंहितेतल्या सत्तराव्या स्तोत्राची पहिली ओळ दिली होती: देवा, माझ्या मदतीला ये, प्रभू, मला साहाय्य करायला त्वरा कर. कामात, प्रवासात, झोपताना, मोहात, आनंदात, हीच ओळ. जात्यात वैरायला हा मूठभर गहू पुरतो. दुसरं, हाताला काम हवं. वाळवंटातली माणसं ताडाच्या पात्यांच्या दोऱ्या वळत, टोपल्या विणत. पौल नावाचा एक अब्बा बाजारापासून सात दिवसांच्या वाटेवर राहायचा, म्हणजे विकायला नेणंही शक्य नव्हतं. तरी तो वर्षभर विणत राही आणि वर्षाअखेर सगळं जाळून पुन्हा नव्याने सुरू करी. तुला जाळायची गरज नाही, घरात भांडी आहेत. ज्यांच्या आवाजाचा तुला त्रास होतो तीच घास.

आणि कुणाला सांगू नकोस की मी आता साधना बदललीय. लौकिकाची हाव कांद्यासारखी असते, असं वाळवंटातले म्हातारे म्हणत. एक पापुद्रा सोलला की खाली दुसरा.

वही फाडू नको. ती यादी मागच्या पानावर अजून असेल. उद्या ऑफिसातून येताना पिशवी घेऊन वाण्याकडे जा, यादीत आहे ते सगळं आण, आणि बहिणीच्या हातात देताना जे बोलायचं ते बोल. काय बोलायचं ते मी लिहून देत नाही. तुझी बहीण आहे.

तुझी,
मावशी